मैदान कोणाच्या मालकीचे?

इंग्लंडच्या वायव्य भागात, मँचेस्टरच्या उत्तरेला बारा-तेरा किलोमीटरवर, बरी नावाचे गाव आहे. आपल्याकडील वाचकाला हे नाव परिचित असण्याचे फारसे कारण नाही. परंतु भारताच्या इतिहासाशी या गावाचे एक जुने आणि काहीसे कटू नाते आहे. विणकामाचा वेग वाढवणाऱ्या 'धावत्या धोट्या'चे पेटंट १७३३ साली घेणारा जॉन के याच परिसरात जन्मला. त्या धोट्यापासून सुरू झालेल्या यंत्रयुगाने पुढे लँकेशायरच्या कापडगिरण्या उभ्या केल्या आणि त्या गिरण्यांच्या कापडाने आपल्या विणकरांच्या ताटातील भाकरी हिरावून घेतली. कालचक्राचा फेरा असा की विसाव्या शतकात त्या गिरण्याही बंद पडल्या, धुराडी थंडावली, कामगारांची मुले अन्य व्यवसायांकडे वळली. गावाने अभिमानाने सांगाव्यात अशा ज्या थोड्या गोष्टी मागे उरल्या, त्यांत १८८५ साली स्थापन झालेला 'बरी फुटबॉल क्लब' ही एक होती.

हा क्लब २०१९ साली बुडाला आणि गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला. परक्या देशातील एका लहानशा गावाच्या फुटबॉल संघाची चिंता आपण का वाहावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, समाजाच्या प्रेमावर जगणारी संस्था समाजाच्या हातून कशी निसटते आणि ती परत मिळवायला काय किंमत मोजावी लागते, याचा इतका स्वच्छ पाठ अन्यत्र सहसा मिळत नाही. तालमी, वाचनालये, व्यायामशाळा आणि क्रीडामंडळे यांच्या आधारावर सार्वजनिक जीवन उभे राहिलेल्या महाराष्ट्राने तर हा पाठ मन लावून वाचला पाहिजे.

वैभव आणि विक्री

बरीचा संघ कधीकाळी साधासुधा नव्हता. १८९४ पासून तो इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये खेळत होता. इंग्लंडमध्ये अत्यंत प्रतिष्ठेचा मानला जाणारा एफ. ए. चषक त्याने १९०० आणि १९०३ असा दोनदा जिंकला. १९०३ च्या अंतिम सामन्यात त्याने डर्बी काउंटीला ६-० असे हरवले. अंतिम सामन्यातील इतक्या मोठ्या विजयाची बरोबरी व्हायला ११६ वर्षे लागली, आणि ती केली मँचेस्टर सिटीने, २०१९ साली. मँचेस्टर सिटीने ही बरोबरी साधली त्याच वर्षी बरीचे नाव लीगमधून पुसले गेले. अब्जावधींचा धनी असलेला शेजारी शिखरावर आणि जुना विजेता रस्त्यावर, हे आधुनिक क्रीडाव्यवहाराचे वास्तव एका वर्षात सामावले.

हे एकाएकी घडले नाही. गिग लेन हे या क्लबचे मैदान. ते मूळ डर्बीच्या अर्ल घराण्याच्या जमिनीवरचे. १९२२ साली तत्कालीन अर्लने ते क्लबला देणगी म्हणून दिले. दात्याची भावना उघड होती, ही भूमी गावाच्या खेळासाठी राहावी. परंतु देणगी घेणारी संस्था कायद्याच्या दृष्टीने भागभांडवलाची कंपनी होती, आणि कंपनीचे भाग ज्याच्या हाती, त्याच्या हाती मैदानही. २००२ साली क्लब आर्थिक संकटात सापडून प्रशासकाच्या ताब्यात गेला, तेव्हा चाहत्यांनी डबे फिरवून, वर्गण्या काढून त्याला तारले. क्लब वाचला म्हणून गावाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो पुन्हा मालकांच्या स्वाधीन केला. वाचवणारे एक आणि ठेवणारे दुसरे, ही विसंगती तेव्हा कोणाला फारशी खटकली नाही.

पुढे ती भोवली. संघ वरच्या श्रेणीत नेण्याच्या ईर्षेने उत्पन्नापेक्षा खर्च वाढत गेला. दात्याने दिलेले मैदान जबर व्याजाच्या कर्जासाठी तारण पडले. डिसेंबर २०१८ मध्ये १३३ वर्षांची ही संस्था एका पौंडाला विकली गेली. एका पौंडात चहाचा एक पेलाही धड मिळत नाही, आणि तेवढ्या किमतीत एका गावाच्या पाच पिढ्यांच्या आठवणी हस्तांतरित झाल्या! नव्या मालकाच्या काळात वेतने थकली. पगार न मिळालेले खेळाडू जिद्दीने खेळत राहिले आणि २०१९ च्या वसंतात त्यांनी संघाला वरच्या श्रेणीत, म्हणजे तिसऱ्या स्तरावर, नेऊनही दाखवले. मैदानावर यश आणि हिशेबाच्या वहीत दिवाळे अशी विचित्र अवस्था झाली.

त्या ऑगस्टमध्ये नव्या हंगामाचे सामने एकामागून एक स्थगित होत गेले. क्लब विकत घ्यायला कोणी पुढे येईल या आशेवर लीगने मुदत वाढवून दिली. ग्राहक मिळाल्याची बातमी आली, तेव्हा पुढील सामन्यासाठी मैदान सज्ज करायला गावातील शेकडो माणसे झाडू, बादल्या आणि फडकी घेऊन गिग लेनवर लोटली. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांनी खुर्च्या पुसल्या, गवत काढले, जिने झाडले. हे श्रमदान चालू असताना तिकडे बोलणी फिसकटत होती. २७ ऑगस्ट २०१९ च्या रात्री बरीला लीगमधून काढून टाकण्यात आले. १२५ वर्षांचे सभासदत्व एका घोषणेने संपले.

झाडू हाती घेतलेल्या त्या शेकडो माणसांकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे मर्म ध्यानात येते. त्यांच्याजवळ निष्ठा होती, श्रम करण्याची तयारी होती, प्रसंगी पैसा देण्याचीही तयारी होती. नव्हता तो अधिकार. ज्या आसनांवर त्यांचे आजोबा बसले होते ती पुसण्याची मुभा त्यांना होती, परंतु ती विकली जाऊ नयेत असे म्हणण्याचा हक्क त्यांना कोणत्याही कागदाने दिलेला नव्हता.

दुःखाचे संघटन

येथवरची कथा करुण आहे, पण असामान्य नाही. असामान्य आहे ते पुढचे. चाहत्यांनी काही महिन्यांतच नवा संघ उभारण्याचे ठरवले. 'बरी ए. एफ. सी.' या नावाने चाहत्यांच्याच मालकीचा क्लब निघाला. सभासद व्हायचे, वर्गणी भरायची, आणि प्रत्येकाला एकच मत, मग तो लक्षाधीश असो की बस चालवणारा. २०२० साली हा संघ इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या स्तरावर, शेजारच्या रॅडक्लिफ गावातील उसन्या मैदानावर खेळू लागला. तिसऱ्या स्तरावरून दहाव्यावर! ज्यांना केवळ विजयाचे आकर्षण असते त्यांनी अशा वेळी मँचेस्टरची बस पकडली असती. दोन विश्वविख्यात क्लब तेथे हाकेच्या अंतरावर आहेत. या मंडळींनी उसन्या मैदानावरचा आपला संघ पसंत केला.

त्याच वेळी दुसरा एक गट वेगळ्या मार्गाने जात होता. या गटाचे म्हणणे असे की, मैदान गेले तर सर्व गेले. तेथे घरे बांधली गेली की क्लबचे पुनरुज्जीवन कायमचे अशक्य होईल. त्यांनी मैदान सोडवण्यावर लक्ष केंद्रित केले. ब्रिटिश सरकारने स्थानिक समाजाला अशा वास्तू विकत घेता याव्यात म्हणून निधी उभारला होता. त्यातून दहा लाख पौंड मिळाले, देणगीदार पुढे आले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये गिग लेन चाहत्यांच्या बाजूच्या संस्थेकडे आले.

परिणामी एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. एका गटाकडे मैदान होते, पण संघ नव्हता. दुसऱ्याकडे संघ होता, पण मैदान नव्हते. दोघांचे प्रेम एकाच क्लबवर, दोघांचा रंग एकच, आणि तरीही परस्परांविषयी अविश्वास इतका की एका घरातील माणसेही दोन बाजूंना गेली असतील तर नवल नाही. नाव कोणते घ्यायचे, इतिहासाचा वारस कोण, कर्तृत्व कोणाचे मोठे, असले वाद सुरू झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये एकत्रीकरणासाठी मतदान झाले. मैदानवाल्या बाजूने प्रचंड बहुमताने होकार दिला. संघवाल्या बाजूनेही बहुसंख्येने होकारच दिला. परंतु नियमाप्रमाणे आवश्यक असलेली ६६ टक्के मते थोडक्यात हुकली आणि एकी लांबणीवर पडली.

संघटनेच्या कामात आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्याला हे चित्र नवे वाटणार नाही. बाहेरच्या संकटाशी लढताना माणसे खांद्याला खांदा लावतात. संकट ओसरले की खांदे एकमेकांना लागू लागतात. अशा वेळी संस्था वाचते ती पराभूत ठरावानंतर दोन्ही बाजूंची माणसे कशी वागतात यावर. बरीत नियम मोडून बहुमत लादले गेले नाही. चर्चा पुन्हा सुरू झाली, शंकांची उत्तरे दिली गेली, आणि मे २०२३ मध्ये दोन्ही बाजूंनी एकत्रीकरणाला मान्यता दिली. मतभेद असावेत, मनभेद नसावेत, हे वाक्य आपण बौद्धिकांतून ऐकत आलो आहोत. त्याचा प्रत्यय लँकेशायरमधल्या एका जुन्या गिरणगावाने दिला.

२०२३-२४ च्या हंगामात 'बरी फुटबॉल क्लब' हे नाव घेऊन संघ पुन्हा गिग लेनवर उतरला. स्तर होता नववा. या स्तरावरचे सामने एरवी शे-दोनशे माणसांसमोर होतात. बरीच्या सामन्यांना हजारोंनी लोक येऊ लागले. २०२५ साली या संघाने आपली श्रेणी जिंकून आठव्या स्तरावर पाऊल ठेवले. पूर्वीच्या जागेपासून तो अजून बराच खाली होता. परंतु आता हे पायउतार झालेले घर भाड्याचे राहिलेले नव्हते.

मालकीचा तिसरा प्रकार

'ज्याने पैसा घातला त्याने निर्णय घ्यावा, प्रेक्षकाने तिकीट काढून टाळ्या वाजवाव्यात,' असे म्हणणारा एक वर्ग सर्वत्र असतो. युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. पण त्यात पैसा कशाला म्हणायचे हे गृहीत धरलेले असते. दर शनिवारी पाऊस-थंडीत उभी राहिलेली पन्नास वर्षे, बापाने मुलाला आणि मुलाने नातवाला दिलेला लळा, संकटकाळी फिरलेले डबे, हे भांडवल नाही काय? मालकाने क्लब घेताना प्रत्यक्षात विकत घेतली ती हीच निष्ठा. मैदानावरचे गवत आणि लाकडी बाकडी यांना तिच्यावाचून मोल नाही. जिच्यामुळे संस्थेला किंमत येते तिलाच संस्थेत स्थान नाही, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही.

यावर दुसरे टोक म्हणून सरकारी मालकीचा उपाय कोणी सुचवील. त्या मार्गाची फळेही आपण पाहिली आहेत. अनेक गावांत सरकारी क्रीडासंकुले कुलूपबंद पडलेली असतात आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. दत्तोपंत ठेंगडी यांनी उद्योगांच्या 'श्रमिकीकरणा'चा विचार मांडला, तेव्हा त्यांना हीच कोंडी फोडायची होती. मूठभर भांडवलदारांची मालकी आणि नोकरशाहीची मालकी, या दोहोंखेरीज काम करणाऱ्यांची मालकी असा तिसरा प्रकार संभवतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. बरीच्या चाहत्यांनी ठेंगडींचे नाव ऐकलेले असण्याचा संभव नाही. परंतु अनुभवाने ते त्याच ठिकाणी येऊन पोहोचले.

चाहत्यांच्या हाती क्लब गेला की तो गरीब राहतो, हा तिसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे, ते नाकारू नये. चाहत्यांची वर्गणी तेलसम्राटांच्या थैलीशी स्पर्धा करू शकत नाही. पण एक्सेटर सिटीचे उदाहरण पाहावे. हा क्लब २००३ साली दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना चाहत्यांच्या न्यासाने हाती घेतला. जानेवारी २००५ मध्ये, लीगच्या बाहेर असलेल्या या संघाने एफ. ए. चषकात मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ०-० असे रोखले. फेरसामना गमावला, पण दोन सामन्यांच्या उत्पन्नातून कर्जाचा भार हलका झाला. २००८ साली संघ लीगमध्ये परतला आणि २०२२ साली तिसऱ्या स्तरावर पोहोचला. अंथरूण पाहून पाय पसरणारी संस्था हळू चालते, पण चालत राहते.

बरीच्या पतनाने इंग्लंडच्या राज्यकर्त्यांनाही जागे केले. माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या प्रशासनाचा कायदा झाला. त्यान्वये वरच्या पाच स्तरांतील क्लबांसाठी स्वतंत्र नियामक आला. मालकाची पात्रता तपासणे, क्लबच्या हिशेबावर नजर ठेवणे, मैदान परस्पर विकले जाऊ न देणे हे त्याचे काम. खुल्या बाजाराचा जयघोष करणाऱ्या देशाला, काही गोष्टी निव्वळ बाजारावर सोडता येत नाहीत, हे कायद्याने मान्य करावे लागले.

आपल्या तालमी, आपली मैदाने

आता आपल्याकडे वळू. भारतात अनेक मोठे फुटबॉल संघ उद्योगसमूहांनी चालवले. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता फगवाड्याचा जे.सी.टी. आणि २००५-०६ चा विजेता मुंबईचा महिंद्र युनायटेड हे दोन्ही संघ अनुक्रमे २०११ आणि २०१० साली बंद झाले. निर्णय कंपन्यांचे होते आणि ते घेण्याचा त्यांना अधिकारही होता. खंत ही की, ते संघ आपले आहेत आणि आपण ते चालवू, असे म्हणणारा संघटित समाज त्यांच्यामागे उभा नव्हता. रविवारी रात्री मँचेस्टर युनायटेडचा लाल सदरा घालून दूरचित्रवाणीसमोर बसणारी आमची मुले आपल्या गावच्या संघाचे नाव सांगू शकत नाहीत, यात दोष केवळ मुलांचा नाही. त्यांच्यासमोर आपलेपणाने जायला मैदानच नसेल तर त्यांनी जायचे कोठे?

याला सन्माननीय अपवाद कोल्हापूरचा. तेथील फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. जिथे कुस्तीची माती आहे तिथेच फुटबॉलचे बूट ठेवलेले असतात. याच नगरीने २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव दिला. तालमीचा संघ कोणी एका पौंडाला विकू शकत नाही, कारण तो कोणा एकाचा नसतो. जे बरीकरांना सर्वस्व गमावल्यावर उमजले, ते आमच्या पूर्वजांनी तालीम उभारतानाच जाणले होते.

मात्र या वारशाचे गोडवे गाऊन थांबणे म्हणजे आत्मवंचना होईल. पेठांमधील ईर्षा कित्येकदा मैदानावरील हुल्लडबाजीत उतरते, सामने बंद पाडण्यापर्यंत मजल जाते. कुठे सभासदांच्या वर्गणीची जागा पुढाऱ्याच्या बक्षिसाने घेतलेली दिसते आणि मंडळाच्या फलकापेक्षा त्याच्या छबीचा फलक मोठा होतो. हाही एक प्रकारचा मालकच, फक्त त्याच्याकडे भागपत्रे नसतात. कोल्हापूरबाहेर तर स्थिती अधिक चिंतेची आहे. ज्या मैदानांवर आपण वाढलो त्यांपैकी किती उरली? ज्या व्यायामशाळेच्या जागेचा सात-बारा कोणाच्या नावावर आहे हे आज विश्वस्तांनाही सांगता येत नाही, ती उद्या कोणाच्या इमारतीखाली जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

१९२८ पासून संघाने गुरुदक्षिणेची पद्धत रूढ केली, तिच्यामागे हाच विचार होता. कार्य स्वयंसेवकांच्या समर्पणावर चालावे, म्हणजे ते कोणाचे मिंधे होत नाही. हा विवेक आपल्या भोवतालच्या प्रत्येक सार्वजनिक संस्थेला लागू करता येईल. गावातील तालमीचे, वाचनालयाचे, क्रीडामंडळाचे सभासद व्हावे. वर्गणी अल्प असली तरी वेळेवर भरावी. वार्षिक सर्वसाधारण सभा हा गणसंख्येअभावी अर्ध्या तासाने उरकायचा उपचार न मानता तिला उपस्थित राहावे, हिशेबपत्रक मागून वाचावे. जागेची कागदपत्रे संस्थेच्याच नावावर आहेत ना, याची खात्री करावी. घरातील मुलांना सामन्याला न्यावे आणि प्रतिस्पर्धी पेठेच्या चांगल्या गोलालाही टाळी द्यायला शिकवावे. यातील एकही गोष्ट अवघड नाही आणि एकीलाही सरकारी अनुदान लागत नाही.

बरीच्या चाहत्यांनी २००२ साली क्लब वाचवला, पण आपल्या हाती घेतला नाही. त्या विसंबून राहण्याची किंमत त्यांनी सतरा वर्षांनी मोजली. संस्था संकटात सापडल्यावर धावून जाणारा समाज चांगला खरा, परंतु ती संकटात सापडू नये म्हणून दरवर्षी सभेला जाऊन बसणारा समाज अधिक समर्थ. झाडू हाती घेण्याची वेळ येण्यापूर्वी सभासदत्वाची पावती हाती असलेली बरी.